वांग, ऊन आणि पील

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. २००१ साली लग्न होऊन मी या घरात आले आणि तेव्हापासून एप्रिलमधली खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमधली गोडी छाटणी, विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणे, आणि जानेवारीपासूनची काढणी याच क्रमाने माझी वर्षे गेली. मजुरांबरोबर स्वतः बागेत उभे राहण्याची मला सवय आहे आणि ते काम मला मनापासून आवडते. पण खरड छाटणीनंतर मांडवावर पान राहत नाही, सावली नाहीशी होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत ऊन सर्वांत कडक असते. दुसऱ्या बाळंतपणात गालांवर आलेले वांग त्या उन्हाने कधी पुरते जाऊच दिले नाही. चाळिशी ओलांडली तेव्हा दोन्ही गालांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर तपकिरी पट्टे होते, कानशिलांवर मसुराच्या डाळीएवढे गडद ठिपके होते, कातडी हाताला खरखरीत लागत होती, आणि डोक्याला बांधलेल्या रुमालाची कडा जिथे येते तिथे कपाळावर दोन रंगांची सरळ रेघ उमटलेली होती. त्या चेहऱ्यावर गेल्या दोन वर्षांत उपचार झाले, त्यांत पील, म्हणजे आम्ल लावून कातडीचा वरचा थर काढण्याचा उपचार, हाही होता. ‘पील केलेस ना? कुठले केलेस?’ असे ओळखीच्या बायका विचारतात, आणि त्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणे मला धोक्याचे वाटते, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात अर्थातच घरगुती उपायांनी झाली. सासूबाई जायफळ दुधात उगाळून देत, मसुराचे पीठ सायीत कालवून लावायला सांगत. त्याने वांग गेले नाही, पण नुकसानही झाले नाही. लिंबाचे मात्र तसे नाही. लिंबाच्या रसात अशी काही द्रव्ये असतात की तो रस कातडीवर असताना ऊन लागले तर तिथे भाजल्यासारखा दाह होतो आणि मागे काळा डाग राहतो. लिंबू-मध लावून, तोंड नीट न धुता मी एकदा बागेत गेले होते आणि रस हनुवटीवरून ओघळला होता त्याच आकाराचा डाग पुढे दोन महिने माझ्या चेहऱ्यावर होता.

त्यानंतर आली औषधाच्या दुकानातली ट्यूब. नात्यातल्या एकीने ती वापरली होती, तिचा चेहरा उजळला होता, आणि दुकानदाराने चिठ्ठी न मागता ती मला दिली. पहिल्या तीन आठवड्यांत जो फरक दिसला तो पाहून मी अक्षरशः हरखून गेले. पुढचे आठ महिने मी ती रोज रात्री लावत होते. मग हळूहळू चेहरा चुलीपुढे बसल्यासारखा लाल होऊ लागला, साध्या पाण्यानेही चुरचुरू लागला, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली. आणि ट्यूब दोन दिवस थांबवली की आग सहन होईना, म्हणून मी पुन्हा तीच लावू लागले. त्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन या वांगावरच्या औषधांबरोबर मोमेटासोन हे स्टेरॉइड होते, हे मला खूप नंतर कळले. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड हे मिश्रण त्वचारोगतज्ज्ञ १९७५ पासून वांगासाठी वापरत आले आहेत, पण ठरावीक आठवडे आणि देखरेखीखाली. आपल्याकडे ते गोरेपणाचे क्रीम म्हणून वर्षानुवर्षे लावले जाते. चेहऱ्यावरच्या या दुष्परिणामांना भारतीय डॉक्टरांनी वेगळे नावही दिलेले आहे, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने कातडीवर लावायची अनेक स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. माझी ट्यूब त्यानंतरची आहे.

अशा पातळ झालेल्या, चिडलेल्या कातडीवर मी पहिले पील करून घेतले, आणि तेही पार्लरमध्ये, पुतणीच्या लग्नाच्या आठ दिवस आधी. तिथल्या मुलीचा हात हलका होता आणि वागणे फार गोड होते. परंतु मी काय लावते, कोणत्या गोळ्या घेते, पूर्वी कधी भाजल्यावर डाग राहिला होता का, यांपैकी एकही प्रश्न तिने विचारला नाही. बाटलीवर ‘फ्रूट पील’ असे लिहिले होते. किती टक्के, कोणते आम्ल, किती वेळ, हे मीही विचारले नाही. आग होऊ लागल्यावर मी सांगितले, तेव्हा ‘आग होते म्हणजे काम करते आहे’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी गालांची हाडे जिथे वर येतात तिथे कॉफीच्या रंगाचे दोन खरपुडे धरले, आणि लग्नातल्या सगळ्या फोटोंत मी चेहरा एका बाजूला वळवून उभी आहे.

नाशिकच्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे मी गेले ती या अवस्थेत. त्यांनी पहिल्या भेटीत पीलचा विषयच काढला नाही. घरातल्या सगळ्या ट्यूबा, साबण, तेल, हेअर डाय, अगदी टिकलीचे पाकीटसुद्धा पिशवीत घालून आणायला सांगितले होते. हेअर डायमधल्या रंगाने चेहऱ्याच्या कडेने काळसरपणा येऊ शकतो आणि टिकलीच्या गोंदाने कपाळावर पांढरा डाग पडू शकतो, त्यामुळे चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग उन्हाचाच असे धरून चालता येत नाही, असे त्या म्हणाल्या. मग खोली अंधारी करून वूड्स लॅम्पच्या जांभळट उजेडात माझा चेहरा पाहिला. रंगद्रव्य वरच्या थरात असेल तर त्या उजेडात डागाची कडा ठळक होते, खोल असेल तर तेवढी होत नाही. माझ्या गालांवर दोन्ही प्रकार होते. ‘ताई, वरचे जाईल, खालचे फिकट होईल, पण पूर्ण पुसले जाणार नाही. हे आत्ताच ऐकून घ्या,’ हे त्यांचे वाक्य मी डायरीत लिहून ठेवले आहे.

माझी मामेबहीण मेलबर्नला असते. तिच्या शेजारच्या गोऱ्या बाईने उन्हाने खराब झालेल्या चेहऱ्यावर ३५ टक्के टीसीएचे, म्हणजे ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिडचे पील करून घेतले होते. आठवडाभर कातडी सापाच्या कातीसारखी निघाली आणि खालून तुकतुकीत चेहरा आला, असे तिने फोनवर सांगितले होते. ते मला का नको, असे मी मॅडमना विचारले. त्या प्रश्नावर त्या जितका वेळ बोलल्या तितका वेळ आजवर कुठल्याही डॉक्टरने मला दिलेला नाही. उन्हाला कातडी कशी प्रतिसाद देते यावरून अमेरिकेतील डॉक्टर थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार पाडले. आज त्याचे सहा प्रकार मानतात आणि आपण बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्यात मोडतो. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या सर्व माणसांत जवळपास सारखीच असते, पण आपल्या पेशी अधिक रंग बनवतात आणि थोड्याशा इजेनेही चेततात. गोऱ्या कातडीला ऊन बाधते ते सुरकुत्यांच्या आणि कर्करोगाच्या आधी उठणाऱ्या खरखरीत चट्ट्यांच्या रूपाने. तिथे मध्यम खोलीच्या पीलचा खरा उपयोग आहे. आपल्याला ऊन बाधते ते मुख्यतः डागांच्या रूपाने, आणि खोल पीलने झालेली जखम आपल्याकडे काळा डाग ठेवून भरते. त्याहूनही खोल असलेले फिनॉलचे पील करताना तर हृदयाच्या ठोक्यांवर यंत्राने लक्ष ठेवावे लागते, आणि आपल्यासारख्या कातडीवर त्याने कायमचे पांढरे पट्टे पडू शकतात. माझ्यासाठी त्यांनी वरवरचे ग्लायकोलिक, म्हणजे ग्लायकोलिक अॅसिडचे, पील सुचवले.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. डाव्या कानशिलावरचा एक ठिपका वर उठलेला होता. तो त्यांनी डर्मोस्कोपने, म्हणजे प्रकाश असलेल्या भिंगाने, बराच वेळ निरखला आणि तो वयानुसार येणारा निरुपद्रवी फुगवटा आहे असे सांगितले. एखादा डाग वाढत असेल, रक्त येत असेल, खपली धरून पुन्हा पुन्हा फुटत असेल, तर त्यावर कोणतेही पील करण्याआधी तपासणी आणि गरज पडल्यास तुकडा काढून परीक्षा व्हायला हवी. वरून साल निघाली तर खालचा आजार झाकला जातो. आपल्याकडे त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांपेक्षा कमी आढळतो, पण जन्मभर उन्हात काम केलेल्यांनी तो होणारच नाही असे गृहीत धरू नये, असे त्यांनी बजावले. पार्लरमध्ये त्या ठिपक्यावरही आम्ल फिरवले गेले होते हे आठवून मला त्या खुर्चीत घाम फुटला.

नंतरचे चार महिने पील नाहीच. स्टेरॉइडची ट्यूब बंद झाल्यावर चेहऱ्याने जो सूड घेतला तो सहन करण्यातच पहिले सहा आठवडे गेले. सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर, रात्री स्टेरॉइड नसलेले एक मलम आणि दिवसा सनस्क्रीन एवढेच. सनस्क्रीन मी आयुष्यात प्रथमच नीट लावायला शिकले. तर्जनी आणि मधले बोट या दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत ओढलेली क्रीमची रेघ चेहरा आणि मान यांना पुरते. आपण सगळ्या लावतो त्या वाटाण्याएवढ्या क्रीमने बाटलीवर लिहिलेले संरक्षण मिळतच नाही. एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन पुरेशा जाडीने लावले तर भाजणारे अतिनील किरण सुमारे ९७ टक्के अडतात, पण एसपीएफचा आकडा फक्त त्या एका जातीच्या किरणांबद्दल बोलतो. दुसऱ्या जातीचे किरण ढगांतून आणि गाडीच्या काचेतूनही येतात, त्यासाठी पीए ही खूण पाहायची. वांगाला तर डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही वाढवतो, आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित मातकट रंगाचे सनस्क्रीन लागते. सकाळी सातला, दहाला आणि दुपारी एकला, असे मी ते लावू लागले. घामाच्या दिवसांत आधी सुती रुमालाने चेहरा टिपायचा, मग लावायचे. आधी बागेतल्या बायका कुतूहलाने पाहत. नंतर त्यांनीच मला ‘दहा वाजले’ म्हणून आठवण करायला सुरुवात केली.

चेहरा शांत झाल्यावर चार आठवडे पूर्वतयारी झाली, ज्याला डॉक्टर प्रायमिंग म्हणतात. रात्री ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन, दिवसा सनस्क्रीन. ट्रेटिनॉइनने वरचा मृत थर सारखा होतो, त्यामुळे आम्ल सगळीकडे सारखे झिरपते. हायड्रोक्विनोन रंग बनवणाऱ्या पेशींना आधीच शांत ठेवते. हायड्रोक्विनोनची मुदत मात्र त्यांनी चिठ्ठीवर लाल शाईने लिहिली, कारण ते फार काळ लावले तर कातडी निळसर काळी पडू शकते आणि तो काळेपणा हटवणे फार कठीण असते. प्रत्येक पीलच्या पाच दिवस आधी ट्रेटिनॉइन बंद करायचे होते. मग एक लांबलचक प्रश्नावली भरून घेतली: गर्भधारणा, गर्भनिरोधक गोळ्या, ओठांवर वारंवार पाण्याचे फोड उठतात का, जखमेचा वण जाड होतो का, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या होत्या का, अॅस्पिरिनची अॅलर्जी आहे का. शेवटचा प्रश्न अॅस्पिरिनच्याच जातीच्या आम्लाचे, म्हणजे सॅलिसिलिक, पील करावे लागले तर, म्हणून होता. कानामागे रुपयाएवढ्या जागेवर आम्ल लावून आठवडाभर वाट पाहिली. तिथे काही झाले नाही तेव्हाच जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली. पावसाळ्यात आमच्या बागेत काम असते, पण दिवसभर उघड्या उन्हात उभे राहावे लागत नाही, आणि गोडी छाटणीपर्यंत पाच सिटिंग बसतात, असा तो हिशेब होता.

पहिल्या सिटिंगला मला झोपवून केस पट्टीने मागे घेतले. डोळ्यांच्या कोपऱ्यांत, नाकपुड्यांच्या कडेला आणि ओठांच्या सांध्यांत कापसाच्या काडीने व्हॅसलीनचा बारीक थर दिला, कारण आम्ल अशा खाचांत साचते आणि तिथेच अधिक भाजते. स्पिरिटच्या बोळ्याने चेहऱ्यावरचे तेल पुसले. काचेच्या वाटीत ओतलेले २० टक्के ग्लायकोलिक अॅसिड पाण्यासारखे दिसत होते आणि त्याला वास जवळजवळ नव्हताच. कपाळापासून सुरुवात करून ब्रशने ते पंधरा-वीस सेकंदांत सगळीकडे फिरवले गेले आणि मॅडमच्या साहाय्यक मुलीने मोठ्याने सेकंद मोजायला सुरुवात केली. तीसपर्यंत नुसता गारवा होता. मग लाल मुंग्या चालल्यासारखे वाटू लागले, आधी नाकाच्या बाजूंना, मग गालांवर. पंख्याचा झोत तोंडावर होता. मॅडम भिंगाच्या दिव्याखाली वाकून फक्त कातडीकडे पाहत होत्या. घड्याळ सांगेल तेवढा वेळ नाही, तर कातडी सांगेल तेवढा वेळ, असे त्यांनी आधीच सांगितले होते. नव्वदला उजव्या गालावर लाली एकदम वाढली तशी त्यांनी मोजणी संपण्याची वाट न पाहता खाण्याच्या सोड्याचे द्रावण तिथे लावले. आम्ल जिथे शिल्लक होते तिथे फस्स करून फेस आला, क्षणभर ऊब जाणवली आणि मुंग्या थांबल्या. उरलेला चेहरा दोन मिनिटांवर थांबवला. ग्लायकोलिक असे थांबवावेच लागते. ते आपोआप थांबत नाही. पार्लरमध्ये माझ्या चेहऱ्यावर ते, किंवा जे काही होते ते, किती मिनिटे राहिले होते कोण जाणे.

आम्ही बागाईतदार मंडळी द्राक्षांसाठी जीए, म्हणजे जिबरेलिक अॅसिड हे वाढीचे औषध, वापरतो. फुलोऱ्याआधी १० पीपीएम आणि मणी फुगवण्यासाठी ४० पीपीएम, एकच औषध. आकडा किंवा अवस्था चुकली तर घड हातचा जातो. त्याचे द्रावण करताना पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साडेपाच-सहाच्या आसपास आणावा लागतो, नाहीतर महागडे औषध वाया जाते. ग्लायकोलिकचेही तसेच आहे, असे मॅडम म्हणाल्या. नुसते टक्के विचारून भागत नाही. त्याचा सामू किती, ते किती वेळ राहिले, किती थर दिले आणि कोणत्या कातडीवर दिले, हे सगळे मिळून त्याची ताकद ठरते. ग्लायकोलिक उसात सापडते म्हणून ते ‘नैसर्गिक’ आणि निर्धोक, असे जे सांगितले जाते ते म्हणूनच दिशाभूल करणारे आहे. शिवाय दवाखान्यातले आम्ल कारखान्यात तयार झालेले असते.

पील म्हटल्यावर कातडी सोलून निघणार अशी माझी समजूत होती. पहिल्या वेळी तसे काहीच झाले नाही. संध्याकाळपर्यंत लाली, दुसऱ्या दिवशी ताण, तिसऱ्या दिवशी हनुवटीवर आणि नाकाच्या बाजूला कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखे बारीक तुकडे सुटले, पाचव्या दिवशी सगळे सरळ. ते पापुद्रे ओढायचे नव्हते. आरशासमोर उभे राहिल्यावर बोट आपसूक तिकडे जाते, आणि एका जागी मी ओढलेच. तिथे तांबडा ठिपका राहिला आणि तो जायला तीन आठवडे लागले. दुसऱ्या सिटिंगला ३५ टक्के झाले. त्यानंतर पहिल्यांदा मला कपाळावर हात फिरवताना खरखर लागली नाही.

तिसऱ्या सिटिंगला चूक झाली, आणि ती माझी होती. नागपंचमीला माहेरी जायचे म्हणून चार दिवस आधी मी भुवया आणि वरचा ओठ थ्रेडिंग करून घेतला होता. पीलच्या आधी आणि नंतर आठवडाभर थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच काही नको, हे कागदावर लिहून दिलेले होते. मी ते पहिल्या दोन वेळा पाळले आणि तिसऱ्या वेळी विसरले. ‘काही केले नाही ना, ताई?’ या प्रश्नावर मी सवयीने ‘नाही’ म्हणाले. दोराने वरचा थर आधीच खरवडलेला होता, त्यामुळे ओठावर आम्ल पडताच आग झाली आणि पाहता पाहता तिथे पांढरट झाक आली. वरवरच्या ग्लायकोलिक पीलमध्ये असा पांढरेपणा येता कामा नये. तो दिसला म्हणजे आम्ल हवे त्याहून खोल गेले. मॅडमनी त्याच क्षणी सोड्याचे द्रावण लावले, बर्फाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि मग शांतपणे पुन्हा विचारले. मी खरे सांगितले. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी माझ्या कागदावर तारीख घालून ते लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी ओठावर तपकिरी खपली आली. त्यावर लावायला त्यांनी जे मलम दिले ते स्टेरॉइडचे होते. ते नाव वाचून माझे हात थंड पडले, कारण ज्या औषधाने माझा चेहरा बिघडवला त्याच जातीचे औषध मी पुन्हा चेहऱ्याला लावणार होते. मी फोन केला. त्यांनी समजावले की भाजलेल्या जागेचा दाह जितका लवकर शमेल तितका मागचा काळा डाग कमी, आणि त्यासाठी पाच दिवस, फक्त त्या दोन सेंटिमीटर जागेवर, दिवसातून दोनदा. सहाव्या दिवशी ट्यूब बंद. मी कॅलेंडरवर दहा खुणा केल्या आणि दहावी खूण झाल्यावर ट्यूब फेकून दिली. आठ महिने आणि पाच दिवस यांतला फरक मला त्या दहा खुणांनी जितका समजावला तितका कोणत्याही लेखाने समजावला नसता. चौथे सिटिंग सहा आठवडे पुढे गेले, पाचवे त्या वर्षी झालेच नाही. ओठावरचा डाग दिवाळीपर्यंत ठळक होता.

याच काळात पुतणीने मला एका बाटलीची जाहिरात पाठवली. टीसीए, घरपोच, ‘दवाखान्याच्या निम्म्याहून कमी किमतीत’. ‘काकू, तुमचे एवढे पैसे जातात, आपण घरीच करू या,’ असे ती मनापासून म्हणत होती. तिला मी माझ्या ओठाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले की हे ३५ टक्के ग्लायकोलिकने, डॉक्टर समोर असताना झाले आहे. ग्लायकोलिकला सोड्याने थांबवता तरी येते. टीसीए आत शिरले की नंतर काही लावून परत घेता येत नाही. अशा तीव्र आम्लांच्या बाटल्या देखरेखीशिवाय घरी वापरू नयेत, त्यांनी भाजल्याच्या, जंतुसंसर्गाच्या आणि वण राहिल्याच्या घटना घडल्या आहेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही जुलै २०२४ मध्ये दिला आहे. पुतणीने बाटली मागवली नाही, याचे मला आजही समाधान आहे.

परिणाम काय झाला, ते आता सांगते. मॅडमनी प्रत्येक वेळी एकाच खुर्चीत, एकाच दिव्याखाली फोटो काढले होते, त्यामुळे मनाचे खेळ बाजूला राहिले. चौथ्या सिटिंगनंतर महिनाभराने कपाळाची रेघ जवळजवळ पुसली गेली होती, कानशिलांवरचे सपाट ठिपके बरेच फिकट झाले होते, कातडीचा पोत स्पष्टपणे सुधारला होता. गालांवरच्या पट्ट्यांचा तपकिरी भाग कमी झाला आणि खालची राखाडी झाक उरली, म्हणजे पहिल्या दिवशी सांगितले होते अगदी तसेच. उठलेला ठिपका तसाच आहे; तो पीलने जातच नाही. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांत मला काही फरक दिसत नाही. स्टेरॉइडने आलेल्या लाल शिरा कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. आणि यातले किती श्रेय पीलला, किती चार महिन्यांच्या सनस्क्रीनला, हे वेगळे करता येत नाही. पहिल्या पीलच्या दिवशीचा फोटो आणि चार महिने आधीचा फोटो शेजारी ठेवले तर निम्मी सुधारणा आम्ल लागण्याआधीच झालेली दिसते.

एक गोष्ट मनात सलते. आमच्याकडे छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. त्या बायकांच्या चेहऱ्यावरचे वांग माझ्याहून गडद आहे आणि ऊन तर माझ्या दुप्पट. एका सिटिंगला मी अडीच हजार रुपये देत होते. महिन्याचे सनस्क्रीन वेगळे. त्यांच्यापैकी एकीच्या पिशवीत मला माझीच ती जुनी ट्यूब सापडली, अर्धी संपलेली. मी तिला शेजारी बसवून माझे फोटो दाखवले, मॅडमकडे नेले, आणि तिची ट्यूब टप्प्याटप्प्याने बंद करून घेतली. तेव्हापासून बागेत काम सकाळी साडेसहाला सुरू होते आणि साडेअकरा ते साडेतीन सुट्टी असते. रुंद काठाच्या टोप्या आणि पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट आम्ही टोळीसाठी आणून ठेवले आहेत. टोपीखाली ओढणी बांधून त्या काम करतात, आणि आता मीही तशीच बांधते.

यंदाच्या एप्रिलमध्ये खरड छाटणीचे बारा दिवस मी बागेत होते. सनस्क्रीन, टोपी, ओढणी सगळे सांभाळूनही मे महिन्यात उजव्या गालावरचा पट्टा पुन्हा थोडा गडद झाला. वांग परत येते, ते दाबून ठेवावे लागते, हे मला माहीत होते, तरी आरशात पाहून वाईट वाटलेच. मॅडमनी उन्हाळ्यात पील करायला साफ नकार दिला आणि रात्रीचे एक सौम्य मलम देऊन जूनची तारीख दिली आहे. ओठावरच्या डागाची आता फक्त पुसटशी सावली आहे, आणि तिथे यंदा आम्ल लावायचेच नाही, असे आमचे ठरले आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेच्या आधीच्या आठ चौकटींत मी लाल पेनने ‘दोरा नाही’ असे लिहून ठेवले आहे.